रिकाम्या कोअरपासून भरलेल्या रोलपर्यंत: रिवाइंडरच्या ड्राइव्हचं अडॅप्टिव्ह स्पीड ट्यूनिंग

“साहेब, रिकामा असताना झकास चालतो, पण रोल भरत आला की झोके घ्यायला लागतो.”

रिवाइंडर म्हणजे कागद कोअरवर, म्हणजे मधल्या नळीवर, गुंडाळून रोल करणारं मशीन. त्यावरच्या ऑपरेटरने असं सांगितलं, की ड्राइव्हच्या कीपॅडला हात लावण्याआधी मी एकच विचारतो: ट्यूनिंग केलं तेव्हा कोअरवर कागद किती होता? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. नव्हताच. मशीन बसवलं त्या दिवशी, रिकाम्या शाफ्टवर, संध्याकाळची गाडी पकडायच्या घाईत कुणीतरी ऑटोट्यून (ड्राइव्हने मोटर स्वतः मोजून घ्यायची सोय) मारला आणि निघून गेला. ड्राइव्हने (मोटरचा वेग आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सांभाळणारं उपकरण) त्या दिवशी जी मोटर पाहिली ती रिकामी होती. आता तिच्या गळ्यात चारशे किलोचा रोल आहे, आणि ड्राइव्ह अजून तिला रिकामीच समजतो.

‘अडॅप्टिव्ह’ हा शब्द ऐकला की लोकांना काहीतरी भारी गणित डोळ्यांपुढे येतं. माझा अनुभव वेगळा आहे. दहातल्या आठ ठिकाणी जे बदलतंय ते आपल्याला आधीच माहीत असतं, किंवा सहज मोजता येतं. रोलचा व्यास हे त्यातलं सगळ्यात सोपं उदाहरण. जे मोजता येतं ते मोजून गेन (चुकीला ड्राइव्हने किती जोराने उत्तर द्यायचं ते आकडे) बदलावेत, आणि जे मोजता येत नाही तेवढ्यापुरताच अंदाज बांधणारा अल्गोरिदम लावावा. खालच्या पायऱ्यांचा क्रम त्यामुळेच असा आहे.

आपलं मशीन

आकड्यांशिवाय हा विषय हवेत राहतो, म्हणून एक मशीन धरू. एक मीटर रुंदीचा, ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम), साधारण ०.१ मिमी जाडीचा कागद. कोअरचा बाहेरचा व्यास ९० मिमी, भरलेला रोल ८०० मिमी. लाइन स्पीड १२० मीटर प्रति मिनिट. मोटर ७.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, चार पोल, १४४० आरपीएम, मध्ये ३:१ गिअरबॉक्स. शाफ्ट मधूनच फिरतो, म्हणजे सेंटर वाइंडर. ताण सांभाळायला डान्सर रोल (ताणानुसार वर-खाली सरकणारा) आणि मोटरच्या मागे वेग मोजायला १०२४ पल्सचा एन्कोडर.

या मोटरचा रेटेड टॉर्क जवळपास ५० न्यूटन-मीटर. कोअर रिकामा असताना मोटर १२७० आरपीएमच्या आसपास फिरते आणि रोल भरला की १४३ वर येते. इथेच एक गोष्ट लिहून ठेवा: १४३ आरपीएमला मोटरच्या शाफ्टवरचा पंखा नुसता शोभेचा. कागद ओढायला टॉर्क तर सगळ्यात जास्त तेव्हाच लागतो. अशा मोटरला वेगळ्या मोटरवर चालणारा ब्लोअर हवाच. तो नसेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग तापलेल्या मोटरवर पाणी.

आधी मेकॅनिकल

एका ठिकाणी मी अर्धा दिवस गेन वर-खाली करत बसलो होतो. मोटर दर उलट्या टॉर्कला ‘टक्’ करायची आणि मला वाटायचं की इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीला उत्तर देणारा भाग) जास्त झालाय. शेवटी फिटरने कपलिंगवर हात ठेवला आणि म्हणाला, “साहेब, चावी घासलीय.” कीवेमध्ये चावी हलत होती. तो अर्धा दिवस मला कोणी परत दिला नाही.

तेव्हापासून माझा नियम: सप्लाय बंद, कुलूप लावून टॅग टाकला, ड्राइव्हच्या कव्हरवर लिहिलेला वेळ थांबलो आणि मीटरने डीसी बसचा (ड्राइव्हच्या आतला) व्होल्टेज उतरल्याची खात्री केली, की पहिल्यांदा मोटरचा शाफ्ट हाताने मागे-पुढे हलवून पाहायचा. चावी, कपलिंगचा स्पायडर, गिअरबॉक्सचा बॅकलॅश (दातांमधली ढिलाई), एन्कोडरच्या कपलिंगचा ग्रब स्क्रू. शेवटचा विशेषतः. तो ढिला असेल तर ड्राइव्हला दिसणारा वेग आणि खरा वेग यांचं पटत नाही, आणि कुठलाही अल्गोरिदम त्यांच्यात समेट करू शकत नाही. मोटरला मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करायचा असेल तर केबल ड्राइव्हपासून सोडवूनच करा, नाहीतर ड्राइव्हचं आउटपुट जाईल.

नेमप्लेट आणि ऑटोट्यून

नेमप्लेटचे आकडे नेमप्लेटवरूनच भरा, स्टोअरच्या रजिस्टरवरून नको. आरपीएमच्या जागी १५०० भरलेले ड्राइव्ह मी बरेच पाहिलेत. ५० हर्ट्झला चार पोलचा सिंक्रोनस वेग १५००, आणि प्लेटवर १४४०. मधले ६० आरपीएम म्हणजे स्लिप. व्हेक्टर कंट्रोलला (टॉर्क थेट सांभाळायची ड्राइव्हची पद्धत) टॉर्कचा हिशेब लावायला तीच लागते. १५०० भरलं म्हणजे ड्राइव्हला सांगितलं की या मोटरला स्लिपच नाही.

फिरता ऑटोट्यून शक्यतो कपलिंग सोडून करा. तो मोटरचा रेझिस्टन्स, इंडक्टन्स आणि मॅग्नेटायझिंग करंट मोजतो. मात्र हे मोजमाप थंड मोटरवरचं असतं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला ०.३९ टक्क्याने वाढतो, म्हणजे २० अंशांवरून १०० अंशांवर गेला की सुमारे ३१ टक्के जास्त. रोटरच्या बारचंही साधारण असंच. त्यामुळे सकाळी बरोबर असलेला टॉर्क दुपारी थोडा चुकतो. तुमच्या ड्राइव्हमध्ये मोटर तापमानानुसार रेझिस्टन्स सुधारायचा पर्याय असेल तर चालू करा. ड्राइव्ह बनवणाऱ्याने तपासून दिलेलं हे अडॅप्टेशन आहे, ते आपण पुन्हा लिहायची गरज नाही.

इनर्शिया मोजणे

इनर्शिया म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा वेग बदलायला होणारा विरोध. सगळा खेळ या आकड्यावर आहे, म्हणून इथे घाई करू नका. कोअर रिकामा ठेवा, कागद लावू नका. मोटर ८०० आरपीएमला स्थिर चालवा आणि ड्राइव्हवर टॉर्क वाचा. समजा ३ टक्के आला. हा नुसत्या घर्षणाचा. आता ३०० वरून १३०० आरपीएमवर बरोबर २ सेकंदांत चढवा आणि चढताना मधल्या भागातला टॉर्क वाचा. समजा ८.३ टक्के. फरक ५.३ टक्के, म्हणजे ५० च्या हिशेबाने साधारण २.६ न्यूटन-मीटर. हजार आरपीएम म्हणजे १०४.७ रेडियन प्रति सेकंद, भागिले २, म्हणजे प्रवेग ५२.४. टॉर्क भागिले प्रवेग: ०.०५ किलोग्रॅम-मीटर वर्ग. हा मोटर, गिअरबॉक्स आणि रिकाम्या शाफ्टचा मिळून इनर्शिया.

कीपॅडवरचा टॉर्क पाहून आकडा टिपता येत नाही, तो फार हळू बदलतो. ड्राइव्हच्या सॉफ्टवेअरमधला ट्रेस वापरा. आणि मॅन्युअल उघडून बघा की टॉर्कचे १०० टक्के म्हणजे मोटरचा रेटेड टॉर्क की ड्राइव्हचा. हे दोन वेगळे असू शकतात.

आता भरलेला रोल. ८०० मिमी व्यास, एक मीटर रुंदी आणि ८० जीएसएमला ०.१ मिमी जाडी म्हणजे घनता घनमीटरला ८०० किलो. वजन येतं ४०० किलोच्या आसपास. भरीव दंडगोलाचा इनर्शिया अर्धा गुणिले वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे ३२. गिअर गुणोत्तराच्या वर्गाने, ९ ने, भागलं की मोटरच्या शाफ्टवर ३.५८. त्यात रिकाम्याचे ०.०५ मिळवा: ३.६३.

म्हणजे ०.०५ वरून ३.६३. बहात्तर पट. एकाच गेनने दोन्ही टोकं सांभाळायची, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

एकच गेन ठेवला तर काय होतं

हे एकदा गणितात पाहिलं की ऑपरेटरचं वाक्य समजतं. ड्राइव्हमध्ये गेन बहुधा असा मोजतात: वेगात एक टक्का चूक असेल तर किती टक्के टॉर्क. या मोजमापात सोयीचा आकडा म्हणजे मेकॅनिकल टाइम कॉन्स्टंट, रेटेड टॉर्क दिला तर शून्यावरून रेटेड वेगाला जायला लागणारा वेळ. रिकामा असताना ०.१५ सेकंद, भरलेला असताना ११ सेकंद.

हवी ती बँडविड्थ (ड्राइव्ह किती चपळाईने उत्तर देतो त्याचं माप) गुणिले हा वेळ, म्हणजे प्रपोर्शनल गेन. आणि ४ भागिले बँडविड्थ, म्हणजे इंटिग्रल टाइम. रिकाम्यासाठी २० रेडियन प्रति सेकंद धरली तर गेन ३ आणि इंटिग्रल टाइम ०.२ सेकंद. डॅम्पिंग रेशो (झोके किती लवकर विरतात त्याचं माप) १ येतो, म्हणजे एकही झोका नाही. अगदी झकास.

आता तेच आकडे ठेवून रोल भरू द्या. डॅम्पिंग रेशो ०.१२ वर घसरतो आणि साधारण साडेपाच सेकंदांचा झोका सुरू होतो. डान्सर वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. ऑपरेटर यालाच ‘झोके’ म्हणत होता, आपण ‘हंटिंग’ म्हणतो. इथे बरेच जण इंटिग्रल कमी करतात, झोका थांबतो, आणि मग रिकामा कोअर सुस्त होतो, सुरुवातीचे गुंडाळे ढिले बसतात. उलट, भरलेल्या रोलवर गेन वाढवून ठेवला तर पुढच्या रिकाम्या कोअरला मोटर गुरगुरते आणि ओव्हरकरंटवर ट्रिप होते.

व्यास काढणे

गेन कशावरून बदलायचे? व्यासावरून. व्यास मिळतो लाइन स्पीड भागिले शाफ्टचा फिरण्याचा वेग भागिले पाय (π). पीएलसीमध्ये (मशीन चालवणारा कंट्रोलर) ही एक ओळ आहे. पण ती एक ओळ तशीच सोडली तर डान्सर हलला की व्यास हलतो, व्यास हलला की गेन हलतो, आणि आपण नवाच झोका तयार करतो.

म्हणून त्याला वस्तुस्थितीचं कुंपण घाला. कागद गुंडाळताना व्यास कमी होऊच शकत नाही, तेव्हा उलटी दिशा बंद. प्रत्येक फेऱ्याला व्यास कागदाच्या दुप्पट जाडीने वाढतो, आपल्याकडे ०.२ मिमी. सुरुवातीला शाफ्ट ४२४ आरपीएमला फिरतो, म्हणजे मिनिटाला ८५ मिमी. शेवटी ४८ आरपीएम, म्हणजे जेमतेम साडेनऊ मिमी. यापेक्षा वेगाने वाढणारा व्यास हा व्यास नाही, नॉइज आहे. लाइन स्पीड १० मीटर प्रति मिनिटाखाली गेली किंवा कागद तुटला की हिशेब गोठवा, शेवटचा आकडा धरून ठेवा. नवा कोअर चढवला की ९० वर रीसेट. हे रीसेट ऑपरेटरच्या बटणावर न ठेवता चकच्या (कोअर पकडणारा भाग) लिमिट स्विचवर ठेवा. रात्रपाळीत बटण दाबायचं राहतं, आणि रिकाम्या कोअरला भरलेल्या रोलचे गेन मिळतात. हे मी पाहिलंय. आवाज लांबपर्यंत जातो.

गेनचा तक्ता

इथे एक फसगत आहे. रोलचा इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ४०० मिमीला, म्हणजे अर्ध्या व्यासावर, मोटरच्या बाजूने तो ०.२७ असतो आणि उरलेल्या अर्ध्यात ३.६३ वर जातो. दोन टोकांमध्ये सरळ रेषा ओढून मधले गेन काढले तर मधल्या भागात गेन गरजेच्या कितीतरी पट होतात. आधी व्यासावरून इनर्शिया काढा, मग त्यावरून गेन.

दुसरी अडचण वरच्या टोकाला. भरलेल्या रोललाही २० ची बँडविड्थ हवी म्हणून हिशेब केला तर गेन २२० येतो. एन्कोडर चारपट मोजला तर एका फेऱ्याला ४०९६ काउंट. दर मिलिसेकंदाला नुसते पल्स मोजले, तर एका काउंटचा फरक जवळजवळ १५ आरपीएम, रेटेडच्या एक टक्का. गुणिले २२०. म्हणजे एकेका काउंटला ड्राइव्ह दोनशे टक्क्यांवर टॉर्क मागणार. मोटर खडखडते ती यामुळे. १० मिलिसेकंदांची सरासरी घेतली तर फरक ०.१ टक्क्यावर येतो, आणि गेन ४४ वर ठेवला तर टॉर्कची थरथर साडेचार टक्क्यांच्या आत राहते. ते चालतं. भरलेला रोल जड आहे, त्याला चपळ करायचा हट्ट सोडा.

मी या मशीनला असे आकडे भरेन: ९० मिमीला गेन ३, इंटिग्रल टाइम ०.२ सेकंद. ४०० ला गेन १० आणि ०.३३ सेकंद. ६०० ला २५ आणि ०.५७. ८०० ला ४४ आणि १ सेकंद. बँडविड्थ २०, १२, ७ आणि ४ अशी उतरत जाते. सुरुवात याच्या निम्म्या गेनने करा आणि वर चढा. गिअरबॉक्सऐवजी लांब बेल्ट असेल तर वरच्या टोकाला बेल्टचा रेझोनन्स (त्याची स्वतःची थरथर) आधी गाठेल, तिथे थांबा.

आता एक बारकावा, जो मॅन्युअलमध्ये क्वचितच असतो. पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलर तुम्ही पीएलसीत स्वतः लिहिला असेल तर इंटिग्रेटरमध्ये काय साठवताय ते बघा. चुकांची बेरीज साठवून शेवटी गेनने गुणत असाल, तर गेन बदलताक्षणी टॉर्क उडी मारतो. आधी गुणा आणि मग बेरीज करा, म्हणजे इंटिग्रेटरमध्ये टॉर्क साठेल आणि गेन बदलला तरी तो जागेवर राहील.

फीडफॉरवर्ड

फीडफॉरवर्ड म्हणजे चूक व्हायची वाट न पाहता टॉर्क आधीच देणे. लाइन स्पीड वाढवताना-कमी करताना लागणारा टॉर्क आधीच माहीत असतो: इनर्शिया गुणिले प्रवेग. १० सेकंदांत लाइन थांबवायची तर भरलेल्या रोलला मोटरवर ५.४ न्यूटन-मीटर, म्हणजे ११ टक्के लागतात, रिकाम्याला दीड टक्क्याहून कमी. हा टॉर्क ड्राइव्हच्या अ‍ॅडिशनल टॉर्क रेफरन्सवर थेट द्या. रॅम्पच्या टोकाला डान्सरचा धक्का कमी झालेला लगेच दिसतो. इतक्या कमी कष्टात इतका फायदा देणारी दुसरी पायरी या लेखात नाही, आणि तरी लोक हीच वगळतात.

खरा अडॅप्टिव्ह भाग

इतकं करूनही काय उरतं? कागद बदलतो. ८० जीएसएमऐवजी वेगळ्या घनतेचा माल येतो, रुंदी अर्धी होते, रेसिपी (त्या मालासाठी भरलेले आकडे) बदलायची राहते. व्यास बरोबर असतो पण इनर्शिया चुकतो. इथे चालू मशीनवर इनर्शियाचा अंदाज घेणारा एस्टिमेटर कामाचा आहे. तत्त्व वरच्या चाचणीचंच: मोटरचा टॉर्क, त्यातून घर्षण आणि कागदाच्या ताणाचा टॉर्क वजा, भागिले प्रवेग. रिकर्सिव्ह लीस्ट स्क्वेअर्स पद्धतीने तो दर नमुन्याला थोडा थोडा सुधारत न्यायचा. फरगेटिंग फॅक्टर (जुन्या नमुन्यांना किती महत्त्व द्यायचं तो आकडा) ०.९८ ते ०.९९८ च्या दरम्यान ठेवा.

त्याला लगाम घाला. लाइन एकसारख्या वेगाने चालली असेल तर भरलेल्या रोलचा प्रवेग जवळपास शून्य असतो. शून्याने भागायला बसलेला एस्टिमेटर भलतीकडे वाहवत जातो. म्हणून प्रवेग ठरावीक मर्यादेच्या वर असेल तेव्हाच त्याला शिकू द्या, एरवी गोठवा. आपला रोल ४० मिनिटांत भरतो आणि त्यात रॅम्पचे सेकंद मोजकेच, म्हणजे एस्टिमेटर बहुतेक वेळ झोपलेलाच असणार. ते बरोबर आहे. टॉर्क लिमिटला लागला असेल तेव्हाही गोठवा. त्याचं उत्तर व्यासावरून काढलेल्या इनर्शियाच्या ०.५ ते १.५ पट एवढ्यातच राहू द्या, आणि गेनवर ते हळूहळू, काही सेकंदांत उतरवा.

ही सावधगिरी पुस्तकी नाही. १५ नोव्हेंबर १९६७ ला अमेरिकेचं एक्स-१५ हे रॉकेट विमान कोसळलं, त्यात वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स मारला गेला. त्या विमानात गेन स्वतः बदलणारी नियंत्रण प्रणाली होती. अपघाताला कारणं अनेक होती, पण विमान स्पिनमधून बाहेर आल्यावर ही प्रणाली दोलनात अडकली आणि जेव्हा गेन उतरायला हवा होता तेव्हा तो उतरला नाही. रिवाइंडरवर अशा चुकीने बहुधा कागदच तुटतो, पण ‘मला कळतंय’ असं समजणाऱ्या कंट्रोलरला मर्यादा हवी हा धडा तोच.

तपासणी

तीन व्यासांवर तपासा: रिकामा, अर्धा, भरलेला. प्रत्येक ठिकाणी वेगाला २ टक्क्यांची पायरी द्या आणि ट्रेस काढा. एखादा झोका चालेल, दुसरा नको. मग कागद लावून लाइन ३० वरून १२० वर चढवा आणि डान्सर मधल्या जागेपासून किती सरकतो ते टेपने मोजून लिहा. तिन्ही व्यासांना आकडा साधारण सारखा आला पाहिजे. फक्त भरलेल्या रोलला जास्त येत असेल तर गेनआधी फीडफॉरवर्ड बघा.

मुद्दाम चुकवूनही पाहा. रुंदीचा आकडा रेसिपीत अर्धा भरा आणि दोन-चार रॅम्पनंतर एस्टिमेटर वर सरकतो का ते बघा. तो १.५ पटीला थांबेल, कारण आपणच तिथे कुंपण घातलंय. तो थांबला की स्क्रीनवर ‘रेसिपी तपासा’ असा अलार्म द्या. मला एस्टिमेटरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच वाटतो.

एक सिलेक्टर स्विच ठेवा: ऑटो आणि फिक्स. फिक्समध्ये ६०० मिमीचा इंटिग्रल टाइम, गेन ४ आणि लाइन स्पीडला ५० ची मर्यादा. असे गेन कुठेच छान चालत नाहीत, त्यांनी फक्त सकाळपर्यंत मशीन ओढायचं असतं. शेवटी तक्ता, घर्षणाचा आकडा, ०.०५ चा इनर्शिया आणि पॅरामीटर बॅकअपची तारीख एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून, पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. ड्राइव्ह जळाला की स्टोअरमधला नवा ड्राइव्ह रात्री दोन वाजता जो लावेल, त्याच्याकडे लॅपटॉप असेलच असं नाही.